काळी बिअर झकास, पिवळी बिघडते: नळाच्या पाण्याचं करायचं तरी काय?

रेडिंगकर | शनिवार, रात्री ११:१०

नमस्कार मंडळी. इथे ताकापासून गोधडीपर्यंत सगळ्याचे धागे निघतात, तर घरच्या बिअरचाही एक निघू दे.

लंडनच्या पश्चिमेला रेडिंगला राहतो. दोन वर्षं झाली, महिन्यातून एका शनिवारी स्वयंपाकघर माझ्या ताब्यात असतं. सुरुवात डबाबंद माल्टच्या अर्कापासून केली, आता पूर्ण धान्यापासून करतो. ज्यांना यातलं काही ठाऊक नाही त्यांच्यासाठी: नाचणीच्या सत्त्वाला जशी मोड आणून नाचणी वाळवतात, तसे मोड आणून भट्टीत वाळवलेले जव म्हणजे माल्ट. ते भरडून ६५-६७ अंशांच्या पाण्यात तासभर मुरवायचे, म्हणजे त्यातल्या पिष्टाची साखर होते. हा मॅश. मग ते गोड पाणी गाळून, हॉप्स नावाची कडू फुलं घालून तासभर उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं आणि दोन आठवडे झाकण उघडायचा मोह आवरायचा.

आता दुखणं सांगतो. स्टाउट आणि पोर्टर, म्हणजे काळ्या बिअरी, माझ्या हातून पहिल्यापासून उत्तम होतात. शेजारचा इंग्रज म्हातारा बाटली मागून नेतो, याहून मोठं प्रमाणपत्र नाही. पण फिकट सोनेरी पेल एल केली की हमखास बिघडते. जिभेला कच्च्या केळाच्या सालीसारखा तुरटपणा येतो, रंग हवा त्यापेक्षा गडद, हॉप्सचा कडूपणा घशात खरखरीत लागतो. गेल्या खेपेला वर एक दवाखान्याचा वासही आला. नवी मलमपट्टी उघडल्यावर येतो ना, तसा. चाळीस बाटल्या गॅरेजमध्ये पडून आहेत. बायको म्हणते, जखमेवर लाव.

भांडी, तापमान, यीस्ट सगळं तेच. बदलतं फक्त धान्य. एकाने सांगितलं की दोष पाण्यात आहे. पण पाण्यात दोष असता तर काळी बिअर कशी जमली असती? आमच्याकडचं पाणी जड आहे हे मान्य. किटलीत महिन्याभरात पांढरे खवले धरतात. आई आली होती तेव्हा चहावर आलेला तवंग बघून तिने दूध नासलं म्हणून ओतून दिलं होतं.


बोअरवेल | रविवार, मध्यरात्री १२:४०

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, मोजायचं मीटर घ्या, पाचशे रुपयांचं काम आहे. आमच्या गावाकडे आरओ बसवणारा माणूस आधी मीटर बुडवून दाखवतो. टीडीएस १०० च्या खाली आणा, प्रश्न संपला.


फसफस | रविवार, सकाळी ९:०५

बोअरवेल, टीडीएस म्हणजे पिशवीचं एकूण वजन. आत बटाटे आहेत की सोनं, ते वजनावरून कळत नाही. ३०० टीडीएसच्या पाण्यात बिअरला हवा असलेला कॅल्शियम असू शकतो किंवा नुसता सोडा असू शकतो. आकडा दोन्हीकडे तोच.

रेडिंगकर, तुमच्याकडे दोन वेगळे दोष एकाच बाटलीत आलेत, म्हणून गोंधळ होतोय. तुरटपणा ही एक भानगड, दवाखान्याचा वास ही दुसरी. आधी वासाचं सांगा. बाटल्या कशाने धुता? ब्लीचने नाही ना?


रेडिंगकर | रविवार, सकाळी ९:३०

नाही हो. न खंगाळता चालणारं जंतुनाशक मिळतं, तेच वापरतो. आणि वास फर्मेंटरमधूनच, म्हणजे बिअर आंबते त्या पिंपातूनच, येत होता, बाटलीत भरायच्या आधीपासून.


फसफस | रविवार, सकाळी १०:१५

मग नळातलाच क्लोरीन. जवाच्या टरफलात फिनॉल असतात, यीस्टही थोडी तयार करतं. क्लोरीन त्यांना चिकटला की क्लोरोफिनॉल होतात, आणि नाकाला ते अब्जात काही भाग इतक्या कमी प्रमाणातही कळतात. एकदा झाले की उपाय नाही. महिनाभर ठेवा, वर्षभर ठेवा, जात नाहीत. स्टाउटमध्येही ते असतील, भाजक्या धान्याच्या कॉफीसारख्या वासाखाली दबले असतील इतकंच.


काठावरचा | रविवार, सकाळी ११:००

मग पाणी रात्रभर उघडं ठेवायचं. आमच्याकडे माशांच्या टाकीचं पाणी तसंच ठेवायचे. सकाळी क्लोरीन उडालेला.


नाखवा | रविवार, दुपारी ४:२०

काठावरचा, हा उपाय साध्या क्लोरीनला चालतो, क्लोरामिनला नाही. मी सॅन फ्रान्सिस्कोजवळ राहतो. इथे २००४ पासून पाण्यात क्लोरामिन घालतात, म्हणजे क्लोरीन आणि अमोनियाची जोडी. लांबच्या नळापर्यंत टिकावं म्हणूनच ती जोडी जुळवलेली असते, त्यामुळे रात्रभर ठेवून ती उडत नाही, आणि थोडं उकळूनही पुरतं जात नाही. मासे पाळणाऱ्यांना हा धडा फार महागात शिकावा लागला. लंडनच्या आसपासही बऱ्याच ठिकाणी क्लोरामिनच असतं. तुमच्या पाणी कंपनीच्या संकेतस्थळावर पोस्टकोड टाका, कळेल.

उपाय मात्र अगदी किरकोळ आहे. कॅम्डेनची गोळी. पोटॅशियम किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट, बस्स. वाइन आणि बिअरचं सामान विकणाऱ्या कुठल्याही दुकानात पन्नास-शंभरची डबी मिळते. एक गोळी साधारण ७५ लिटरला पुरते, म्हणजे तुमच्या ३० लिटरला अर्धी भरपूर झाली. दोन चमच्यांमध्ये चुरडा, पाण्यात टाका, ढवळा. पाच-दहा मिनिटांत क्लोरीन आणि क्लोरामिन दोन्ही गेले. पाणी तापवायच्या आधी, धान्याला लागायच्या आधी टाकायची. आणि नंतर धान्य धुवायला घ्याल ते पाणीसुद्धा याच भांड्यातलं. मी एकदा मॅशचं पाणी नीट केलं आणि वरून धान्य धुवायला सरळ नळ सोडला. सगळं मुसळ केरात.


रेडिंगकर | रविवार, रात्री ८:१०

पोस्टकोड टाकला. क्लोरामिनच आहे. दोन वर्षं मी रात्री बादल्या भरून ठेवत होतो आणि सकाळी मोठ्या विश्वासाने वापरत होतो.

कॅम्डेन हे माणसाचं नाव आहे का?


मधुमालती | सोमवार, सकाळी ७:५०

गावाचं. ग्लॉस्टरशरमधलं चिपिंग कॅम्डेन. १९२० च्या दशकात तिथल्या संशोधन केंद्रात फळं टिकवण्यासाठी ही गोळी निघाली.

मी मँचेस्टरला असते, पेशाने रसायनशास्त्राची, बिअर नवरा करतो. मी फक्त मोजून देते. तुमच्या तुरटपणाचं बोलते, कारण खरी गंमत तिथे आहे.

शाळेत दुष्फेन पाणी शिकलो होतो, आठवतंय? साबणाला फेस न येणारं. त्यात दोन तऱ्हा: अस्थायी आणि स्थायी. अस्थायी म्हणजे कॅल्शियम बायकार्बोनेट. उकळलं की चुनखडी होऊन तळाशी बसतं. तुमच्या किटलीतले खवले तेच. स्थायी म्हणजे कॅल्शियम सल्फेट वगैरे. उकळून जात नाही. साबणाला दोन्ही सारखेच वैरी, पण बिअरला नाही. कॅल्शियम तिला हवा असतो. नको असतं ते बायकार्बोनेट, कारण ते आम्ल पिऊन टाकतं. या आम्ल पिण्याच्या क्षमतेला अल्कलिनिटी म्हणतात, मराठीत क्षारता.

मॅशचा पीएच, म्हणजे आंबटपणाचं माप (आकडा जितका कमी तितकं आंबट), ५.२ ते ५.६ च्या दरम्यान हवा. पाण्यातला कॅल्शियम जवातल्या फॉस्फेटशी जुळतो आणि त्यातून आम्ल सुटतं, पीएच खाली येतो. बायकार्बोनेट तो परत वर रेटतं. दोघांची रस्सीखेच चालते. तुमच्याकडे डोंगरच खडूचे, पाणी त्यातून मुरून येतं, त्यामुळे बायकार्बोनेटचं पारडं फार जड. पीएच ५.८-५.९ च्या पुढे गेला की टरफलातलं टॅनिन सुटतं. जांभळं खाल्ल्यावर जीभ जड होते, तेच टॅनिन. रंग गडद होतो, हॉप्सचा कडूपणा खरखरीत होतो. तुमची तिन्ही लक्षणं.

आणि तुमच्या मूळ प्रश्नाचं उत्तर: काळं भाजलेलं धान्य मुळातच आंबट असतं. स्टाउटमध्ये तुम्ही नकळत आम्ल घालत होतात. तेच पाणी, पण तिथे हिशेब आपोआप जुळत होता.


रेडिंगकर | सोमवार, सकाळी ८:३०

दोन वर्षं मी स्वतःला काळ्या बिअरीतला उस्ताद समजत होतो. उस्तादी सगळी धान्याची निघाली. 🙏


प्रवासी_पक्षी | सोमवार, दुपारी १:१५

मधुमालतीताई, म्हणजे बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही म्हणून आजी सोड्याची चिमूट टाकायची, त्याच्या उलटं?


मधुमालती | सोमवार, दुपारी १:४०

अगदी उलटं. जड पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या सालीतलं पेक्टिन घट्ट धरून ठेवतो. सोड्याने पाणी क्षारीय होतं आणि पेक्टिन सैल पडतं. आजींना डाळ मोडायची होती. आपल्याला टरफल मोडायचं नाहीये.


फसफस | सोमवार, रात्री १०:२०

ताईंनी नेमकं बोट ठेवलं. जगातल्या निम्म्या प्रसिद्ध बिअरी याच कारणाने त्या-त्या गावात जन्मल्या. लंडनचं पाणी खडूतलं, म्हणून तिथे अठराव्या शतकात तपकिरी-काळी पोर्टर गाजली. बोहेमियातल्या प्लझेनचं पाणी जवळजवळ पावसाचं, लिटरला दहा मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. तिथे १८४२ मध्ये योसेफ ग्रोल नावाच्या बव्हेरियन कारागिराने पहिली सोनेरी पिल्सनर काढली. आज जगात लागर म्हणून जे काही विकलं जातं, त्यातलं बहुतेक तिचंच गोत्र.

आणि एक आपल्या बाजूचं. मुंबई-कलकत्त्याला जी पेल एल जहाजाने यायची ती आधी पूर्व लंडनच्या बो भागातला हॉजसन पाठवायचा. १८२२ च्या सुमाराला बर्टन गावच्या ऑलसपने तिची नक्कल करून बघितली. पहिला नमुना चहाच्या किटलीत केला म्हणे, खरं-खोटं ते जाणोत. नक्कल मुळापेक्षा सरस निघाली, कारण बर्टनच्या विहिरींत जिप्समचा, म्हणजे कॅल्शियम सल्फेटचा, मारा. सल्फेटने हॉप्सचा कडूपणा कोरडा आणि स्वच्छ लागतो. पुढे बाकी गावचे ब्रूअर आपल्या पाण्यात जिप्सम टाकायला लागले, आणि त्या कृतीला बर्टनायझेशन असंच नाव पडलं.


बोअरवेल | मंगळवार, पहाटे ५:३०

मी माझं टीडीएस मागे घेतो. पण माझा प्रश्न आता गंभीर झालाय. मी इलिनॉयला असतो, घरात मिठाचा सॉफ्टनर आहे. गिझर आणि भांडीधुण्याचं मशीन वाचतं. पाणी एकदम मऊ, साबणाला ढीगभर फेस. माझी बिअर तरी पांचट आणि किंचित खारट लागते. मऊ पाणी असून?


मधुमालती | मंगळवार, सकाळी ७:१५

सॉफ्टनर कॅल्शियम काढतो आणि त्याच्या जागी सोडियम सोडतो. बायकार्बोनेट जिथल्या तिथे. म्हणजे हवं ते गेलं, नको ते राहिलं, वर मीठ. यापेक्षा वाईट पाणी बिअरला मिळणं अवघड आहे. बागेतला बाहेरचा नळ बघा, बहुतेक घरांत तो सॉफ्टनरच्या आधी जोडलेला असतो.


बोअरवेल | मंगळवार, रात्री ९:००

बागेतल्या नळाला आजपासून नमस्कार करणार. मीटर पोरांना खेळायला दिलंय.


कट्टेकरी_पुणे | मंगळवार, रात्री १०:४५

आमचं खडकवासल्याचं पाणी कसं पडेल यासाठी? पिंपात २० लिटर करून बघायचा विचार आहे.


नाखवा | मंगळवार, रात्री ११:३०

कट्टेकरी, तिथे पाण्याच्या आधी कायदा येतो. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार परवान्याशिवाय घरी गाळणं-आंबवणं गुन्हा आहे, स्वतःपुरतं असलं तरी. अमेरिकेत १९७८ मध्ये कार्टरने सही केली म्हणून आम्ही करू शकतो, तेही दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनपर्यंत. ब्रिटनमध्ये १९६३ पासून घरच्यापुरती मोकळीक आहे, विकायची मात्र नाही. तुम्ही तूर्त आल्याची फसफसती लिंबू-सरबतं करा, धागा काढा, आम्ही येतो.


रेडिंगकर | गुरुवार, रात्री ९:२०

कंपनीच्या अहवालात जडपणा चार वेगवेगळ्या एककांत दिलाय, पण क्षारता कुठेच नाही. फोन केला तर पलीकडच्या बाईंनी विचारलं, पाणी पिऊन त्रास झाला का? मी म्हटलं, बिअर करायचीय. थोडा वेळ काहीच बोलल्या नाहीत.

शेवटी मासेवाल्यांच्या दुकानातून केएच, म्हणजे क्षारताच, मोजायची डबी आणली. पाण्यात द्रावणाचे थेंब टाकत रंग पालटेपर्यंत मोजायचं. आकडा आला १४. कॅल्शियम अहवालात ११० आहे, मॅग्नेशियम ५.


मधुमालती | गुरुवार, रात्री १०:००

छान काम केलंत. १४ गुणिले १७.९, म्हणजे २५० पीपीएम क्षारता, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. आता कॅल्शियमचा आम्ल सोडायचा वाटा वजा करा: ११० भागिले १.४ म्हणजे ७९, मॅग्नेशियम ५ भागिले १.७ म्हणजे ३. उरली १६८. याला उर्वरित क्षारता म्हणतात, कोलबाख नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाचं सूत्र आहे. फिकट बिअरला ही शून्याच्या आसपास किंवा त्याखाली हवी. १६८ मध्ये स्टाउटच व्हायचा.

हाच हिशेब बायकार्बोनेटच्या आकड्यावर करायचा असेल तर आधी १.२२ ने भागा. लोक तिथे हमखास चुकतात.


काठावरचा | गुरुवार, रात्री १०:२५

मग उकळून खाली बसवा आणि वरचं घ्या. फुकटात काम.


फसफस | शुक्रवार, सकाळी ६:४५

चालतं, जुने लोक तेच करत. पण ३० लिटर आदल्या रात्री उकळायचं, गार करायचं, तळ न ढवळता वरचं काढायचं. विजेचं बिल धरता फुकटही नाही, आणि चुनखडीबरोबर कॅल्शियमही जातो, तो जिप्सम टाकून परत भरावा लागतो.

दुसरी वाट: सुपरमार्केटमधलं कंब्रियाच्या झऱ्याचं स्वस्त पाणी निम्मं मिसळायचं. सोपं आहे, पण दर वेळी पाच लिटरचे तीन कॅन उचलून आणा. गाळणीचा जग असतो त्यानेही क्षारता उतरते, पण दीड-दोन लिटरच्या जगातून तीस लिटर गाळायचे म्हणजे पंढरपूर पायी.

तिसरी वाट आम्लाची. लॅक्टिक सगळीकडे मिळतं, पण तुमची क्षारता मारायला ८८ टक्क्यांचं अकरा मिली लागेल, आणि तेवढ्याने बिअरला ताकाची झाक येऊ शकते. हलक्या पाण्यात दोन-तीन मिली टाकायला ते उत्तम. जर्मन लोक १५१६ च्या शुद्धतेच्या नियमाला जागून आम्ल ओतत नाहीत, आंबवलेलं माल्ट घालतात. एकूण धान्याच्या एक टक्का घातलं की पीएच साधारण ०.१ उतरतो. तुम्हाला त्याचंही फार लागेल.

तुमच्या देशात सीआरएस नावाचं द्रावण मिळतं, हायड्रोक्लोरिक आणि सल्फ्युरिकचं मिश्रण. मी स्वतः तेच वापरायचो. लिटरला एक मिली टाकलं की क्षारता साधारण १८३ ने उतरते, आणि बदल्यात क्लोराइड-सल्फेट मिळतं, जे पेल एलला हवंच असतं. हातमोजे आणि चष्मा घाला. पोरं-मांजरं बाहेर.


रेडिंगकर | शुक्रवार, रात्री ८:००

२५० ची ३० वर आणायची, म्हणजे २२० उतरवायची. २२० भागिले १८३, लिटरला १.२ मिली. ३० लिटरला ३६ मिली. बरोबर?


मधुमालती | शुक्रवार, रात्री ८:१०

बरोबर. आधी ३० मिली टाका, ढवळा, फुगे निवू द्या, पुन्हा थेंब मोजा, मग उरलेलं. नळाचं पाणी ऋतूप्रमाणे बदलतं, म्हणून दर खेपेला मोजायचं. पीएच मीटर असेल तर मॅश सुरू झाल्यावर पंधरा मिनिटांनी चमचाभर काढून, गार करून मग बुडवा. गरमातच मोजलंत तर आकडा ०.२-०.३ ने कमी दिसतो आणि मीटरची नळीही लवकर मरते.


प्रवासी_पक्षी | शनिवार, सकाळी १०:००

हा पीएच बिअरवाल्यांनीच काढलाय असं ऐकलं होतं. थाप ना?


फसफस | शनिवार, सकाळी १०:३०

थाप नाही. सोरेन्सनने १९०९ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत मांडला. बिअरच्या पैशांवर चाललेलं विज्ञान.


रेडिंगकर | सात आठवड्यांनी, रविवार, संध्याकाळी ६:४०

धागा वर काढतोय, क्षमस्व.

त्या शनिवारी सगळं मांडून बसलो. अर्धी कॅम्डेन चुरडून टाकली. सीआरएस ओतलं तर पाणी सोडावॉटरसारखं फसफसलं. थेंब मोजले: केएच ३, म्हणजे ५४. उरलेले सहा मिली टाकले, पुन्हा मोजले, दोनच्या खाली. घाईत मीटर सरळ गरम मॅशमध्ये बुडवला. ५.१ दाखवला, पोटात गोळा आला. मग ताईंचा निरोप आठवला. बशीत काढून, फुंकर मारून गार केलं तर ५.३८. त्यानंतर एक चमचाभर जिप्समही टाकलं, बर्टनच्या नावाने.

मॅशचं गोड पाणी गाळताना नेहमीसारखं चहाच्या रंगाचं नव्हतं, उसाच्या रसासारखं फिकट होतं. तिथेच अर्धी खात्री पटली.

काल पहिली बाटली उघडली. दवाखाना नाही. तुरट नाही. कडूपणा येतो आणि वेळेवर जातो. एक खोट आहे: जरा कोरडी झालीय, अंग, म्हणजे तोंडातला भरीवपणा, कमी लागतं. जिप्सम जास्त पडलं का?


मधुमालती | रविवार, रात्री ८:५५

सीआरएसमधूनच सल्फेट आलं होतं, त्यावर तुमचा चमचा. आणि कॅल्शियम तर आधीच भरपूर होता. पुढच्या वेळी जिप्सम नको. अगदीच वाटलं तर तीन ग्रॅम कॅल्शियम क्लोराइड, क्लोराइडने अंग भरतं. आणि चमच्याने मोजू नका, ग्रॅमचा काटा घ्या.


बोअरवेल | सोमवार, पहाटे ५:५०

अभिनंदन! माझीही बागेच्या नळाची पहिली खेप बाटल्यांत भरली. त्या जुन्या चाळीस बाटल्यांचं काय केलंत?


रेडिंगकर | सोमवार, सकाळी ८:२०

बागेत कोबीच्या वाफ्यात वाट्या पुरून त्यात ओततोय. गोगलगायी बिअरच्या वासाने येतात आणि बुडतात. रोज सकाळी दहा-बारा असतात. दवाखान्याच्या वासाची त्यांची काही तक्रार दिसत नाही.